डब्यावरची दोन अक्षरं

शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलला ऑइल लागतं ते जेमतेम लिटरभर. पण त्या लिटरभरावरून जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत जेवढी मतं ऐकायला मिळतात, तेवढी निवडणुकीच्या दिवसांतही मिळत नसतील. एक म्हणतो, आपल्याकडे ऊन पंचेचाळीसचं, पातळ ऑइल टिकायचं नाही, जाडच टाका. दुसरा म्हणतो, कारचं सिंथेटिक टाकून बघा, गाडी कशी मऊ चालते. तिसऱ्याच्या घरी ट्रॅक्टर असतो आणि ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली कोठीत पडलेली असते. त्याच्या मते ऑइल ते ऑइल, त्यात काय बघायचं? पहिल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तिसऱ्याचं नशीब बरं असेल तर निभावून जातं. दुसऱ्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये. तो का ऐकू नये हे कळलं, की डबा निवडण्याचं निम्मं काम झालं.

कारमध्ये इंजिनाचं ऑइल फक्त इंजिन सांभाळतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, आणि साध्या गिअरच्या कारचा क्लच तर कोरडाच असतो. त्याला ऑइलचा थेंब लागला तरी मिस्त्री हळहळतो. आपल्या मोटारसायकलमध्ये असे वेगळे संसार नाहीत. क्रँक, पिस्टन, गिअर आणि क्लच ही सगळी मंडळी एकाच ऑइलवर जगतात. स्प्लेंडरसारख्या गाडीचं उजव्या बाजूचं कव्हर काढलं की आत टोपलीसारखी क्लच हाउसिंग दिसते. तिच्यात एक प्लेट घर्षणाची, म्हणजे बुचासारख्या किंवा कागदी लगद्याच्या चकत्या चिकटवलेली, आणि एक प्लेट साध्या पोलादाची, अशी आळीपाळीने रचना असते. स्प्रिंगा या प्लेटा एकमेकींवर दाबून धरतात. क्लचची दांडी ओढली की दाब सुटतो आणि प्लेटा सुट्या फिरतात. सोडली की पुन्हा चिकटतात आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. हे सगळं ऑइलात न्हाऊन निघत असताना घडतं, म्हणून याला वेट क्लच म्हणतात.

इथे विचार करणाऱ्या माणसाला प्रश्न पडायला हवा. ऑइलचं काम घसरवायचं आणि क्लचचं काम घट्ट धरायचं. मग ऑइलात बुडालेला क्लच धरतो कसा? प्लेटा दाबल्या जातात तेव्हा मधलं बहुतेक ऑइल चकत्यांच्या खाचांतून बाहेर पडतं. उरतो तो अतिशय पातळ थर, धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेला. शेवटच्या क्षणी पकड बसणार की घसरणार, हे ऑइल जाड आहे की पातळ यापेक्षा त्या थरात कोणती रसायनं आहेत यावर जास्त ठरतं.

कारच्या हल्लीच्या ऑइलांत नेमकी इथेच मेख आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी त्यांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. काही मॉलिब्डेनमची संयुगं असतात, काही चरबीच्या आम्लांपासून बनवलेली. ती धातूला चिकटतात आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत करतात. कारच्या इंजिनाला ते मानवतं. मोटारसायकलमध्ये तीच रसायनं क्लचच्या प्लेटांवरही जाऊन बसतात, आणि गाडी खरोखरच मऊ चालते, म्हणजे इंजिन मऊ चालतं आणि चाक मागे राहतं.

दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. राजदूत, येझदी, नंतर आरएक्स १००, या सगळ्या टू-स्ट्रोक. इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं आणि खाली गिअर-क्लचला वेगळं ऑइल असायचं. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये तर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची चेनकेस, तिघांचं ऑइल निरनिराळं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर, आणि फोर-स्ट्रोकचा जमाना सुरू झाला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट संपली. त्या बदल्यात एकच ऑइल तिन्ही कामांना जुंपलं गेलं.

जपानी कंपन्यांना ही अडचण १९९० च्या दशकात चांगलीच जाणवली. कारच्या ऑइलांचे अमेरिकी दर्जे इंधन बचतीकडे झुकत चालले होते. एपीआय या अमेरिकी संस्थेचा नवा दर्जा असलेलं ऑइल कारसाठी सरस ठरत होतं, पण त्यावर मोटारसायकलचा क्लच घसरू शकत होता. मग १९९८ मध्ये जपानने दुचाकींच्या फोर-स्ट्रोक ऑइलसाठी स्वतंत्र मानक काढलं. त्याला जासो म्हणतात. क्लचच्या खऱ्या प्लेटा एका यंत्रात बसवायच्या, ऑइल तापवायचं, पुन्हा पुन्हा पकडायचं आणि सोडायचं, आणि पकड किती बसते ते मोजायचं, अशी ही परीक्षा. जास्त पकड देणारं ऑइल एमए, कमी पकड देणारं एमबी. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग केले, एमए१ आणि एमए२. त्यांत एमए२ ची पकड अधिक. एमबी म्हणजे वाईट ऑइल असा अर्थ कुणी काढू नये. ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी आहे. स्कूटरचा क्लच कोरडा आणि इंजिनाच्या ऑइलपासून वेगळा असतो, त्यामुळे तिथे घर्षण जितकं कमी तितकं बरं.

तेव्हा दुकानात डबा हातात घेतल्यावर पुढच्या बाजूची रेसिंगची चित्रं सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. जासोच्या एका छोट्या चौकटीत वर सांकेतिक क्रमांक असतो आणि खाली एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. ती दोन अक्षरं नसतील तर डबा परत ठेवा, मग तो कितीही महागाचा असो. कारच्या डब्यावर एक गोल शिक्का असतो. त्याच्या खालच्या कडेला रिसोर्स कन्झर्व्हिंग असं लिहिलेलं दिसलं, की हे ऑइल आपल्या मोटारसायकलचं नाही असं खुशाल समजा. आणखी एक फरक डोळ्यांना दिसत नाही. झीज थांबवणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचं प्रमाण कारच्या पातळ ऑइलांत मुद्दाम कमी ठेवतात, कारण फॉस्फरसमुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. त्या ऑइलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही. जासोला तो निदान ०.०८ टक्के हवाच असतो, वर ०.१२ पर्यंत चालतो. एकाची कमाल मर्यादा ती दुसऱ्याची किमान. गिअरचे दातही याच ऑइलवर जगतात, म्हणून ही मागणी.

घरात स्प्लेंडर आणि स्कूटर दोन्ही असतील तर घोटाळा हमखास होतो. दोन्ही डबे सारख्या रंगाचे, सारख्याच १०डब्ल्यू३० आकड्याचे. स्कूटरचं उरलेलं एमबी ऑइल मोटारसायकलमध्ये ओतलं जातं आणि महिन्याभराने क्लच प्लेट गेली म्हणून गाडी गॅरेजात येते. डब्यावर मार्करने गाडीचं नाव लिहून ठेवावं, एवढाच उपाय. एक अपवाद सांगून ठेवतो: गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलेलं असेल तर पुस्तिकेचं ऐकायचं, माझं नाही.

आता आकड्यांकडे येऊ. १०डब्ल्यू३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा आणि नंतरचा उष्णतेचा. १०डब्ल्यूची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. धुळ्याची थंडी कडाक्याची म्हणून प्रसिद्ध आहे, पण पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी तो शून्याच्या वरच असतो. धुळ्याच्या देवपुरात डिसेंबरच्या पहाटे खोबरेल थिजतं तसं इंजिन ऑइल थिजत नाही. २०डब्ल्यू असेल तर पहिली किक थोडी जड लागते, इतकंच. म्हणजे खानदेशात पहिल्या आकड्यावरून भांडायचं कारण नाही.

भांडायचंच तर दुसऱ्या आकड्यावरून भांडा. १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. सेंटिस्टोक या मापात ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आपली छोटी इंजिनं हवेवर थंड होतात. कारसारखं पाणी नाही, रेडिएटर नाही. बाहेरची हवा २५ वरून ४५ वर गेली की इंजिनातलं ऑइलही साधारण तेवढंच जास्त तापतं. त्यातही मे महिन्यात दुपारी दोन वाजता महामार्गावर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा जळगावच्या फुले मार्केटात हाफ क्लचवर रांगणारी गाडी जास्त भाजते, कारण तिला वारा लागत नाही. म्हणून आपल्या पहिल्या सल्लागाराचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो: ऊन खरं आहे आणि उन्हात ऑइल पातळ होतं, हेही खरं.

पण त्यावर उपाय म्हणून १०डब्ल्यू३० च्या गाडीत सरसकट २०डब्ल्यू५० टाकणं मला पटत नाही. नव्या इंजिनांतली भागांमधली जागा आणि ऑइलचे बारीक मार्ग पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात. जाड ऑइल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं, इंजिन जड फिरतं आणि ॲव्हरेज कमी होतं. ज्या कंपनीने १०डब्ल्यू३० सांगितलं, तिने गाडी राजस्थानातही विकली आहे आणि विदर्भातही. ज्या गाड्यांना कंपनीनेच २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० सांगितलंय, त्यांची गोष्ट निराळी. बजाजच्या कित्येक जुन्या गाड्या त्यात येतात. माझा कौल असा: लाखभर किलोमीटर झालेली, ऑइल खाणारी, निळा धूर मारणारी गाडी असेल तर एक पायरी वर, म्हणजे ४० वर जायला हरकत नाही. अर्थात बोर किट, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचं काम, होईपर्यंतच. तो उपाय नव्हे, मुदतवाढ आहे. चांगल्या गाडीत पुस्तिकेतलाच आकडा ठेवावा आणि उन्हाळ्यात ऑइल लवकर बदलावं.

लवकर बदलण्याचं कारण गिअरमध्ये आहे. १०डब्ल्यू३० सारखं ऑइल थंडीत पातळ आणि तापल्यावर पुरेसं दाट राहतं ते त्यात मिसळलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांमुळे. गिअरचे दात एकमेकांत शिरताना या साखळ्या तुटतात, आणि काही हजार किलोमीटरांनंतर ऑइल मूळच्यापेक्षा पातळ झालेलं असतं. कारच्या इंजिन ऑइलवर हा प्रसंग येत नाही, कारण तिथे गिअर वेगळ्या ऑइलात. चालवणाऱ्याला हे हाताला कळतं. गाडी तापल्यावर गिअर खटकन पडायला लागतात आणि सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही.

उन्हापेक्षा मला आपल्या धुळीची जास्त धास्ती वाटते. काळ्या मातीचे शेतरस्ते, कापसाच्या गाड्या, महामार्गांची कामं. एअर फिल्टर आठवड्यात भरतो. फिल्टरमधून निसटलेली बारीक माती पिस्टनच्या रिंगांपाशी जाते आणि तिथून ऑइलात उतरते. सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या घराण्यातल्या इंजिनांना कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. तळाशी एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकावर फिरणारी एक चकती. तिच्या गरगर फिरण्याने जड घाण कडेला फेकली जाऊन साचते. क्लचचं कव्हर उघडल्याशिवाय ही चकती साफ करता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. क्लच प्लेटा बदलण्यासाठी कव्हर उघडलं असेल तेव्हा मिस्त्रीला ती चकतीही उघडायला सांगा. आत काळ्या लोण्यासारखा थर निघतो आणि बोटांत चोळला तर किंचित खरखरतो. ती खरखर आपल्या शिवाररस्त्याची, आणि थोडी क्लच प्लेटांची झिजलेली पूड. कागदी फिल्टर नसलेल्या गाडीत ही घाण काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वेळेवर ऑइल बदलणं.

ऑइलच्या जातीवरून एवढी चर्चा करणारे लोक डिपस्टिक मात्र बघत नाहीत, हे मला नेहमी आश्चर्याचं वाटतं. लिटरभरातलं २०० मिली जळून गेलं तर पाचवा हिस्सा गेला, आणि उरलेल्यावर तेवढीच उष्णता वाहून नेण्याचं ओझं पडतं. मापायची रीतही नीट हवी. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. साइड स्टँडवर मोजमाप चुकतं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. हिरोच्या गाड्यांत पट्टी पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत घालायची नसते. काही गाड्यांना पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. वरच्या खुणेच्याही वर भरू नका. जादा ऑइल क्रँकने घुसळलं जातं आणि त्याला फेस येतो.

क्लच घसरतोय हे ओळखायचं कसं? त्यासाठी आपल्याकडे चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट आहे. मागे दोघं बसलेले, एखादं पोतं, गाडी वरच्या गिअरमध्ये. तुम्ही ॲक्सिलरेटर पिळता, इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र तिथेच. गॅरेजात याची तक्रार अहिराणीत अशी येते: गाडी रेस व्हस, पन पयस नही. असं झालं की लगेच प्लेटा बदलायला धावू नका. आधी क्लचच्या दांडीचा प्ले बघा. टोकाशी साधारण एक ते दोन सेंटिमीटर ती सैल हलायला हवी. केबल ताणून बसवलेली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगल्या ऑइलातही घसरतो. प्ले ठीक असेल तर गेल्या वेळी कोणतं ऑइल भरलं ते आठवा. चुकीचं ऑइल लवकर लक्षात आलं तर ते काढून एमए२ भरावं आणि पुढचं बदलणं लवकर करावं. बऱ्याचदा पकड परत येते. पण पोलादी प्लेटा निळ्या पडल्या असतील आणि ऑइलाला जळका वास येत असेल, तर प्लेटा गेल्याच.

ट्रॅक्टरच्या ऑइलचं काय? १५डब्ल्यू४० च्या डिझेल ऑइलांत इंधन बचतीची ती घसरवणारी रसायनं सहसा नसतात, म्हणून क्लच लगेच घसरत नाही आणि लोकांचा विश्वास बसतो. पण डिझेलची काजळी धुण्यासाठी त्यांत क्षार जास्त असतात. त्यांची राख पेट्रोल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर जमते. जासोने राखेवर मर्यादा घातली आहे ती याचसाठी. डब्यावर डिझेलच्या दर्जाबरोबर जासो एमए स्पष्ट छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ट्रॅक्टरचं ऑइल ट्रॅक्टरलाच ठेवावं. क्लचच्या गाडीत दुकानदार वरून मारायला सांगतो त्या टेफ्लॉनच्या आणि मॉलीच्या बाटल्याही नकोत. चांगल्या ऑइलात जे मिसळायचं ते कारखान्यात मिसळलेलं असतं.

सिंथेटिकबद्दल मात्र गैरसमज उलट दिशेचा आहे. सिंथेटिकने क्लच घसरतो असं म्हणणारेही खूप आहेत. घसरवतात ती मिसळलेली रसायनं. मूळ तेल खनिज आहे की सिंथेटिक याच्याशी त्याचा संबंध नाही. एमए२ असलेलं सिंथेटिक वेट क्लचला चालतं, ते उष्णतेत जास्त टिकतं आणि महागही पडतं. रोज तीस किलोमीटर दूध घालणाऱ्या गाडीला खनिज किंवा सेमी-सिंथेटिक वेळेवर बदललेलं पुरतं. तेल हा तसा खानदेशचा जुनाच विषय. विप्रोचा जन्म १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाला. आणि इंजिनांतही एके काळी वनस्पतीचं तेल चालायचं. कॅस्ट्रॉल या नावातच एरंडेल आहे. एरंडेल तापल्यावरही उत्तम धरतं, पण काही दिवसांत त्याचा चिकट डिंक होतो, म्हणून ते इंजिनांतून हद्दपार झालं.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असू द्या, म्हणजे घाण तरंगत असताना बाहेर येते. आत डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुण्याची पद्धत बंद करा. मागे राहणारं पाव वाटी डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं. तळाचा बोल्ट सतराच्या पान्याने बेताने आवळा. तो ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतो, आणि आटे गेले तर साडेतीनशे रुपयांचं काम केसिंगवर जातं. बदलण्याचं अंतर पुस्तिकेत असतं. आपल्या धुळीत आणि उन्हात त्याच्या अलीकडेच बदललेलं बरं.

सुटं ऑइल घेऊ नका. नावाच्या डब्यात भलतंच भरून विकणाऱ्यांना लागतात ते आपलेच रिकामे डबे, तेव्हा डबा भंगारात टाकण्याआधी त्याला सुरीने उभं चिरा. आणि निघालेलं जळकं ऑइल सेंटरिंगच्या पाट्यांना, लाकडाच्या वाळवीला किंवा बैलाच्या दुखऱ्या खांद्याला लावायची जी सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि विहिरीच्या कडेला ओतलेलं ऑइल तुमच्याच पाण्यात उतरतं. ते बाटलीत भरून गॅरेजातल्या ड्रममध्ये नेऊन घाला. तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्या परवानाधारकाकडे जातं की नाही, हेही एकदा मिस्त्रीला विचारा.